दहाचे विमान

१९९८ सालच्या जानेवारी महिन्यातली गोष्ट. माणदेशातले आमचे गाव. मी तेव्हा दहावीत होतो. गावात फोन एकच, तोही वाण्याच्या दुकानात. कुणाचा निरोप आला की वाणी समोर दिसेल त्या पोराला पिटाळायचा. त्या दिवशी समोर मी होतो.

पहाटे साडेपाचला शेजारच्या वाड्यातले आण्णा गेले. वय झाले होते, पण झोपेतच जातील असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. थोरला मुलगा विलायतेत, लेस्टर शहरात नोकरीला. धाकटे अपत्य म्हणजे मुलगी, ती सासरी. अग्नी द्यायचा तर थोरल्यानेच. एक जण मोटारसायकलवर तालुक्याला पळाला आणि फोनच्या दुकानातून त्याने लेस्टरला कळवले. साडेआठच्या सुमारास वाण्याचा फोन खणखणला. थोरलाच बोलत होता. वाण्याने ऐकले आणि मला सांगितले, "पळ. म्हणावं, दहाचं विमान मिळालंय. नऊ तासांत मुंबई."

मी पळत जाऊन जसेच्या तसे सांगितले.

ओसरीवर आण्णांचे भाऊ तात्या बसले होते. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "दहा आन् नऊ, म्हंजी सांजच्याला सात. सामानसुमान सोडवायला तासभर. मुंबईपासनं गाडीला आठ तास. प्हाटं चारला दारात हाय. ठेवू या रातभर." सगळ्यांना पटले. साखर कारखान्याच्या गावाहून बर्फाच्या लाद्या आल्या. भुसा, पोती आली. आण्णांना पडवीत ठेवले. आक्का उशाशी बसल्या त्या बसल्याच. पाण्याचा घोटही घेतला नाही.

पहाटेचे चार वाजले. पाच वाजले. सहा वाजले. वाट बघणारे डोळे फाट्याकडे लागलेले. सूर्य वर आला तरी गाडीचा पत्ता नाही. दुकान रात्री बंद, त्यामुळे फोन येऊनही कळण्याची सोय नव्हती. बर्फाचे पाणी होऊन अंगणात वाहू लागले. मग कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणाले, विमानच चुकले असेल. कुणी म्हणाले, तिकडं गेलेली पोरं अशीच. आठ वाजता तात्यांनी मन घट्ट केले आणि आण्णांना उचलायला सांगितले. नऊच्या सुमारास पुतण्याने अग्नी दिला.

साडेनऊला थोरल्याची गाडी फाट्यावर आली. त्याला ओढ्याच्या पलीकडे धूर दिसला.

पुढची कितीतरी वर्षे गावात एकच बोलणे होते: पोराने दिरंगाई केली, बापाच्या मातीला वेळेवर आला नाही. आक्काही तोंडाने बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मनात ते राहिले. आज मी हे लिहितो आहे ते एवढ्यासाठी की त्याने एका मिनिटाचीही दिरंगाई केली नव्हती. चूक हिशेबात होती, आणि तो चुकीचा निरोप नेणारा मी होतो. वाचकहो, आता खेडोपाडी घराघरातून कुणी ना कुणी परदेशी असते. म्हणून विमानाचा हा हिशेब आपण एकदा नीट समजून घेऊ.

अंतर किती आणि वाट कोणती

मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे अंतर सरळ मोजले तर सुमारे ७२०० किलोमीटर भरते. पण येथे 'सरळ' म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असतो. त्यावर मुंबई ते लंडन पट्टीने रेघ मारली तर ती इराक, सीरियाच्या बाजूने जाते. विमान मात्र त्या रेघेवरून जात नाही, कारण पृथ्वी भिंतीसारखी सपाट नाही.

घरी एखादे गोल कलिंगड असेल तर करून पाहा. त्यावर मुंबईची आणि लंडनची खूण करा. लंडन पुष्कळ वर, उत्तरेला येईल. आता दोन्ही खुणांवर सुताचा दोरा ताणून धरा. दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो आणि ती वाट थोडी उत्तरेकडे फुगलेली दिसते. मुंबई-लंडन दोरा बलुचिस्तान, इराण, कॉकेशसचा डोंगराळ मुलूख, काळा समुद्र, युक्रेनचा पश्चिम भाग, पोलंड आणि जर्मनी असा जातो. नकाशावर सरळ दिसणाऱ्या रेघेने गेले तर सुमारे दोनशे किलोमीटर जास्त पडतात. मुंबईहून न्यूयॉर्कला ताणलेला दोरा तर आइसलँडजवळून जातो. ते अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे, आणि नकाशावरच्या रेघेने गेले तर दीड हजार किलोमीटरहून अधिक फेरा पडेल. शेताच्या बांधावरून न जाता मधून पायवाट पाडावी तसा हा प्रकार आहे.

पण पायवाटेला आडवा येणारा कुणीतरी असतोच. आकाशालाही शिवा आहेत. ज्या देशावरून जायचे त्याची परवानगी लागते, त्याला त्याचे पैसेही द्यावे लागतात. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैच्या मध्यापर्यंत. तेवढ्या काळात लांबच्या फेऱ्यामुळे एअर इंडियाचे सुमारे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा आकाश बंद केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. दोरा त्यावरूनच जात असला, तरी विमानाला वळसा घ्यावा लागतो. म्हणून एकाच दोन गावांमधला प्रवास एका वर्षी कमी वेळाचा तर दुसऱ्या वर्षी जास्त वेळाचा होतो.

हीच गोष्ट समुद्रातही घडते. आपली नाशिकची द्राक्षे जहाजाने युरोपला जातात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बऱ्याच जहाजांनी सुएझचा कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला. पेटीतल्या द्राक्षांना हा फरक पुरेपूर कळतो. कोकणचा हापूस विमानाने लंडनला जातो तो याच कारणाने. भाडे जड पडते, पण पिकत आलेले फळ दिवसांचा हिशेब मानत नाही.

जाताना दहा तास, येताना नऊ

मुंबईहून लंडनला जायला साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात आणि लंडनहून मुंबईला यायला साडेआठ ते नऊ. वाट तीच, विमान तेच, मग तासाचा फरक का?

आमच्या पारावर याचे उत्तर एका म्हाताऱ्याने फार हुशारीने दिले होते. तो म्हणाला, पृथ्वी खाली फिरते, त्यामुळे एका बाजूला गाव जवळ येते आणि दुसऱ्या बाजूला लांब जाते. ऐकायला खरे वाटते, पण तसे नाही. धावत्या बैलगाडीत बसून खडा सरळ वर उडवा. तो मागे रस्त्यावर पडत नाही, पुन्हा तुमच्याच हातात येतो, कारण गाडीची गती त्याच्याही अंगी असते. तसेच पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि हवेतले विमानही.

खरे कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात आणि त्यांचा वेग कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. प्रवासी विमाने याच उंचीवरून जातात. धरा की विमानाचा वेग ताशी ८८० किलोमीटर आणि वाटेवरचा वारा सरासरी ७०. लंडनकडे जाताना वारा तोंडावर, म्हणून खरा वेग ८१०. येताना वारा पाठीशी, म्हणून ९५०. आता ७२०० ला भागून पाहा. जाताना पावणेनऊ तासांच्या वर आणि येताना साडेसात तासांच्या थोडे वर. शिवाय धावपट्टीवरची रांग, चढणे, उतरणे आणि वाटेतले वळसे मिळवले की वर सांगितलेले तास येतात. पुरात होडी प्रवाहाबरोबर घालणे आणि प्रवाहाच्या उलट वल्हवणे यांत जो फरक, तोच हा.

या वाऱ्याचा फायदा किती मोठा असतो पाहा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचे दिल्लीहून सॅनफ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून, पूर्वेच्या दिशेने गेले. वाट हजाराहून अधिक किलोमीटरने लांब होती, सुमारे १५,३०० किलोमीटर. तरीही वारा पाठीशी असल्याने ते साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोचले. लांबची वाट जवळची झाली.

पूर्वी काय होते

आज दहा तास म्हटले की आपण कुरकुरतो. सप्टेंबर १८८८ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून बोटीने निघाले. ते ४ तारखेला निघाले आणि महिनाअखेरीस इंग्लंडला पोचले. तेव्हा सुएझ कालवा होता म्हणून एवढ्यात झाले. १८६९ च्या आधी तर आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने जात.

मुंबई-लंडन भारतीय विमानसेवा सुरू झाली ती ८ जून १९४८ च्या रात्री. 'मलबार प्रिन्सेस' नावाचे चार पंख्यांचे विमान सांताक्रूझहून निघाले. त्यात पस्तीस प्रवासी होते, आणि ही सेवा ज्यांनी उभी केली ते जे. आर. डी. टाटाही होते. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत ते १० जूनला लंडनला उतरले. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि प्रवासाचे तास झपाट्याने घटले. पुढे मधला थांबा न घेता थेट जाणारी विमाने आली. अंतर तेच राहिले. महिन्याचे दिवस झाले, दिवसाचे तास झाले.

घड्याळाचा घोळ

आता मुख्य गोष्ट. आमच्या गावाचा हिशेब चुकला तो येथे.

सूर्य सगळीकडे एकाच वेळी उगवत नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. आपले भारतीय घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. लंडनजवळच्या ग्रिनिचचा रेखांश शून्य. साडेब्याऐंशीला चाराने गुणा. ३३० मिनिटे आली, म्हणजे साडेपाच तास. आपले घड्याळ इंग्लंडच्या घड्याळाच्या साडेपाच तास पुढे असते. हे भारतीय घड्याळ १९०६ साली सुरू झाले, पण मुंबईने आपली निराळी, ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती. म्हणजे जुन्या काळी मुंबईत उतरल्यावरही 'कुठले घड्याळ' हा प्रश्न विचारावा लागे.

आणखी एक मेख आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमध्ये सगळी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा. आण्णा जानेवारीत गेले, म्हणजे साडेपाच.

आता खरा हिशेब मांडू. पहाटे साडेपाचला आण्णा गेले, तेव्हा लंडनमध्ये मध्यरात्रीचे बारा वाजले होते. थोरल्याचा फोन आपल्या साडेआठला आला, तेव्हा तिकडे पहाटेचे तीन होते. तीनला त्याने तिकिटाचे जमवले होते, यावरून त्याची घाई कळते. हीथ्रोवरून रात्री विमाने फारशी सुटत नाहीत. आजूबाजूच्या वस्तीची झोपमोड होऊ नये म्हणून तेथे रात्रीच्या उड्डाणांवर कडक मर्यादा आहेत. म्हणून सकाळी दहाचे विमान हे त्याला मिळण्यासारखे पहिलेच. लंडनचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. पावणेनऊ तासांनी तो मुंबईत उतरला, तेव्हा रात्रीचे सव्वाबारा झाले होते. पासपोर्ट आणि सामान यांतून बाहेर यायला दीड वाजला. तेव्हा द्रुतगती मार्ग झाला नव्हता, जुन्या घाटानेच यायचे. आठ तास. सकाळचे साडेनऊ.

तात्यांनी पहाटेचे चार सांगितले होते. चार आणि साडेपाच, साडेनऊ. तात्यांची बेरीज बरोबर होती. फक्त 'दहा' कुठल्या घड्याळाचे, हे कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

ज्या वेळी सायंकाळी सातला आम्ही म्हणत होतो की तो मुंबईत उतरला असेल, त्या वेळी त्याचे विमान काळ्या समुद्राच्या आसपास होते. पहाटे चारला आम्ही फाट्याकडे डोळे लावले, तेव्हा त्याची गाडी खंडाळ्याच्या घाटात मालमोटारींच्या मागे अडकली होती. आठला आम्ही आण्णांना उचलले, तेव्हा तो फलटणच्या अलीकडे होता. जाग्यावर थांबला असा तो एक क्षणही नव्हता.

फोनवर काय विचारावे

आता खिशात फोन आहेत, रस्ते सुधारले आहेत, विमान कुठवर आले ते फोनवर दिसते. तरी घोळ होतातच. विमानाचे तिकीट पाहताना एक नियम ध्यानात ठेवावा. त्यावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावच्या घड्याळाची. दोन वेळांची वजाबाकी करून प्रवासाचे तास काढू नयेत. लंडनहून सकाळी दहाला निघून रात्री सव्वाबाराला मुंबई, ही वजाबाकी सव्वाचौदा तासांची दिसते. खरे तास पावणेनऊच.

म्हणून परदेशातले माणूस निघाले की तीन गोष्टी विचाराव्यात आणि कागदावर लिहून घ्याव्यात. मुंबईत उतरणार किती वाजता, ते आपल्या घड्याळाने. कोणत्या वारी आणि कोणत्या तारखेला, कारण रात्री बारानंतर तारीख बदलते आणि आपले लोक तिला अजून आदलीच रात्र समजतात. आणि वाटेत विमान बदलायचे आहे का, असल्यास कुठे आणि किती वेळ थांबून. पोचण्याच्या वेळेत बाहेर पडायला सव्वा तास आणि मग गावापर्यंतच्या रस्त्याचे तास मिळवावेत. जो आकडा येईल तो सर्वांना एकदा मोठ्याने सांगावा.

प्रसंग दुःखाचा असेल तर आणखी एक. नऊ तासांचे विमान म्हणजे चोवीस ते तीस तासांची वाट, असेच मनात धरून ठरवावे. तेवढे थांबणे शक्य असेल तर थांबावे. आता तालुक्याच्या गावी बर्फाच्या पेटीची सोय बहुधा होते. थांबणे शक्य नसेल तर तसे त्या मुलाला स्पष्ट सांगावे आणि आपण मोकळे व्हावे. त्यात कुणाचा दोष नाही. मात्र अर्धवट हिशेबावर रात्र काढू नये, आणि घरच्या बाईला उपाशी बसवू नये.

मी पुढे शिक्षक झालो. एकदा सहावीच्या वर्गात पृथ्वीगोलावर रेखांश शिकवताना साडेपाच तासांचे गणित मांडले आणि खडू हातातच राहिला. त्या संध्याकाळी शाळेचा पृथ्वीगोल काखेत मारून आक्कांकडे गेलो. त्या तेव्हा थकल्या होत्या. दिव्याजवळ गोल धरून त्यांना दाखवले: इकडे दिवस असतो तेव्हा तिकडे रात्र. दहाचे विमान आपल्या साडेतीनचे होते. निरोप मीच आणला होता, आणि मी अर्धाच आणला होता.

त्यांनी गोलावर बोट फिरवले. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, "म्हंजी समदी रात त्यो वाटंतच हुता?"

"होय आक्का. वाटेतच होता."

"जेवला असंल का रं त्या इमानात?"

त्याच रात्री त्यांनी मला लेस्टरला फोन लावायला सांगितला. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, मी अंगणात उभा होतो. थोरला आता साठीला आला आहे. गावी येण्याआधी तो मला फोन करतो आणि पहिले वाक्य हेच असते: "लिहून घे, तुमच्या घड्याळाने सांगतो."